गाडी मॉडिफाय केली अन् रस्त्यात बंद पडली? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

वर्धा (प्रतिनिधी) : पोळा होऊन चार दिवस झाले होते. कपाशीवर फवारणी सुरू होती. फवारता फवारता आमच्या भाऊजींना चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या. भाच्यानं त्यांना गाडीवर मधात बसवलं, मागून शेजारचा पोरगा धरून बसला आणि गाडी सेवाग्रामच्या दवाखान्याकडे काढली. आठ-नऊ किलोमीटर गाडी बरी चालली. मग तिनं दम सोडला, दोन फटाके फोडले आणि बंद पडली. सेल्फ मारून मारून बॅटरीही बसली. नशीब, मागून एक मालवाहू ऑटो आला. भाऊजी तीन दिवसांनी बरे होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामाजी, गाडीत सगळं नवीन टाकलं, तरी कायले बंद पडून राह्यली समजत नाही." खरं होतं त्याचं. प्लग नवा, कॉइल नवी, कार्बोरेटर नवा. दोन क्विंटल सोयाबीनचे पैसे त्यात गेले होते. गाडी सेकंडहँड, दोनशे सीसीच्या वरची, कार्बोरेटरवाली. घेतल्यावर त्यानं तिला मोकळा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, समोरचं एक दात कमी असलेलं सॉकेट आणि दोन मोठे लाइट लावले होते.

आज गावोगावी अशा गाड्या आहेत. बजाज हे नाव वर्ध्याला नवं नाही, जमनालाल बजाज इथलेच. त्यांच्या घराण्याच्या कंपनीनं २००१ मध्ये पल्सर आणली आणि खेड्यातल्या पोरांना पिकअपची चटक लागली. त्याआधी १९८५ पासून १९९६ पर्यंत बनलेली यामाहा आरएक्स १०० होती. ९८ सीसीची ती गाडी अजूनही पोरं शोधून शोधून घेतात आणि तिला आणखी पळवायला पाहतात. हौस असावी, पण गाडी घरातल्या दुखण्या-खुपण्याला, दुधाला, बाजारालाही लागते. म्हणून बिघाड कसा शोधायचा ते समजून घेऊ. भाच्याची गाडी शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं नीट केली. त्यांचीच पद्धत इथे देत आहे.

आधी कागद घ्या, पाना नंतर

मिस्त्रीनं गाडीला हात लावण्याआधी विचारलं, "कंपनीतून आली तवापासून काय काय बदललं, ते सांग. अन् तरास कवापासून सुरू झाला ते सांग." कागदावर यादी झाली. अर्धा बिघाड तिथेच सापडतो. उघडा फिल्टर लावल्यावर गाडी गरम व्हायला लागली असेल, तर कॉइल बदलून काय फायदा?

दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून पाहा. चार पार्ट एकदम बदलले तर कशानं फरक पडला ते कळत नाही. तिसरा नियम, शंका असेल तिथे कंपनीचा मूळ पार्ट परत लावून पाहा. त्रास गेला, तर दोषी सापडला. म्हणून काढलेले जुने पार्ट भंगारात देऊ नका.

बंद पडली त्याच जागी तीन तपासण्या

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी थंड झाली की सुरू होते. गॅरेजला नेईपर्यंत ती शहाणी झालेली असते. म्हणून बंद पडली तिथेच हे पाहा.

१) टाकीचं झाकण उघडा. 'सूं' करून हवा आत गेली आणि गाडी थोड्या वेळात सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. आपल्याकडच्या धुळीत हे नेहमी होतं. हवा आत जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. खर्च शून्य, छिद्र साफ करा.

२) पेट्रोल येते का? कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घ्या. इंजिन गरम असते, तेव्हा सांडू देऊ नका आणि जवळ बिडी-काडी नको. धार नीट आली पाहिजे. बाटलीत तळाला वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी गेलं आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून खाली बसतात. पावसाळ्यात गाडी उघड्यावर उभी असेल तर हे जरूर पाहा.

३) ठिणगी पडते का? प्लग काढा, कॅपमध्ये लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगच्या उघड्या भोकापासून लांब टेकवा, आतून पेट्रोलची वाफ येते. कॅपचं रबर धरा, धातूला हात लावू नका. गरम गाडीत ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉइल किंवा पल्सर कॉइलवर संशय घ्या.

भाच्याच्या गाडीत पेट्रोल येत होतं, ठिणगीही निळी पडत होती. म्हणजे कॉइलचे पैसे वाया गेले होते.

प्लग काय सांगतो

दहा किलोमीटर चालवून गाडी थांबवा, थंड होऊ द्या आणि प्लग काढून पाहा.

- विटकरी किंवा चहाच्या रंगाचा : ठीक आहे.
- कोरडा काळा, काजळीसारखा : पेट्रोल जास्त, हवा कमी.
- काळा आणि तेलकट : इंजिन ऑइल जळते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर पक्कं समजा.
- पांढराफटक : हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन प्रमाणाबाहेर गरम होत आहे.

भाच्याचा प्लग पांढराफटक निघाला.

हवा जास्त, पेट्रोल तेवढंच

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कंपनीनं कार्बोरेटरचं जेट मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सरच्या हिशेबानं बसवलेलं असते. आपण उघडा फिल्टर लावला, हवा जास्त आली. मोकळा सायलेन्सर लावला, धूर लवकर बाहेर गेला, हवा आणखी ओढली गेली. जेट मात्र तेच राहिलं. पेट्रोल कमी पडलं.

त्यात इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. २० टक्केवाल्या पेट्रोलला एका किलोमागे १३.५ किलोच्या आसपास हवा पुरते. जुनी कार्बोरेटर गाडी हे ओळखत नाही, तिचं मिश्रण आणखी पातळ होते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि हवेवर थंड होणारं इंजिन तर आधीच तापलेलं असते.

पातळ मिश्रणाची लक्षणं अशी : पिकअप देताना गाडी अडखळते, मूठ सोडल्यावर फटाके फुटतात, सकाळी चोक लांबवावा लागतो, बेंड पाइप लाल-निळा पडतो. पोरांना फटाके म्हणजे दम वाटतो. फटाके म्हणजे इंजिन पेट्रोल मागून राह्यलं, नाही तर सायलेन्सरच्या जोडातून हवा आत जाऊन राह्यली. असंच चालवलं तर पिस्टन चिकटतो, व्हॉल्व जळतो. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकचा पिस्टन तर पाहता पाहता पकडतो. टूटी ऑइलचा पंप काढून टाकला असेल आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं राहिलं, तर एकाच फेरीत काम संपलं.

चोरून येणारी हवा

मिस्त्रीनं जेटला हात लावण्याआधी कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर पाहिलं. गाडी कोमट असताना स्लो रेसवर ठेवली आणि रबराच्या जोडावर साबणाचं पाणी थोडंसं फवारलं. रेस लगेच बदलली. म्हणजे तिथून हवा आत जात होती. रबर काढून वाकवलं तर बारीक तडा होता. थंड असताना तो बंद राहायचा, गरम झाल्यावर उघडायचा. आठ-नऊ किलोमीटरवर गाडी बंद पडण्याचं पहिलं कारण सापडलं. ही तपासणी पेट्रोल फवारून करू नका, आग लागते. तशी आग लागलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

दुसरं कारण टॅपेटमध्ये होतं. एक्झॉस्ट व्हॉल्वचा गॅप फार कमी झाला होता. इंजिन तापलं की धातू फुगतो, उरलेला गॅप संपतो आणि व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही. मग कॉम्प्रेशन जाते आणि गाडी दम सोडते. टॅपेट नेहमी थंड इंजिनवर, फिलर गेज लावून, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं सेट करा. टकटक वाजणाऱ्या टॅपेटची लोकांना भीती वाटते. जास्त धोका मात्र न वाजणाऱ्या घट्ट टॅपेटचा असतो.

इंजिन खोलायला सांगितलं तर आधी कॉम्प्रेशन गेज लावायला लावा. कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. काटा वाढला तर रिंग-पिस्टन झिजले. वाढला नाही तर व्हॉल्व किंवा हेडची पॅकिंग पाहा. एवढ्या तपासणीनं हजारो रुपयांचं फुकटचं काम वाचू शकते.

लाइट, बॅटरी आणि सॉकेट

४० वॅटचे दोन लाइट म्हणजे ८० वॅट. १२ व्होल्टवर जवळपास साडेसहा अँपिअर करंट. तो हेडलाइटच्या बारीक वायरवरून घेतला तर वायर तापते आणि वितळते. लाइट लावायचेच असतील तर वेगळी जाड वायर, रिले आणि फ्यूज टाका.

मल्टीमीटरनं बॅटरी तपासा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सुरू करून रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ च्या आसपास. १३ च्या खाली राहिली तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेली तर रेग्युलेटर खराब आहे, तो बॅटरी आणि बल्ब दोन्ही खाईल.

समोरचं सॉकेट १४ दातांचं काढून १३ चं लावलं तर पिकअप वाढतो. पण त्याच वेगाला इंजिनला जवळपास ८ टक्के जास्त फिरावं लागते. तापलेल्या इंजिनवर तो आणखी भार. काळ्या मातीच्या चिखलात चेन कोरडी पडते, ती धुऊन तेल द्या आणि ढिल पुस्तकाप्रमाणे ठेवा. आणि इंजिनाला दम देणाऱ्यांनी ब्रेकही पाहावे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते, म्हणून दोन वर्षांनी बदला. पॅड पातळ झाले असतील तर सायलेन्सरचे पैसे तिकडे लावा.

नवीन गाडी असेल तर

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. सायलेन्सर बदलताना ऑक्सिजन सेन्सर काढला तर कॉम्प्युटरला आतलं मिश्रण कळत नाही आणि मीटरवर इंजिनचा दिवा लागतो. तो दिवा वायर तोडून विझवू नका. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीचा रेडिएटर चिखलानं बुजला का, पंखा फिरतो का, ते पाहा. गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. कलम १८२-अ (४) मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीतून निघताना १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीच्या आवाजाला ८० डेसिबलची मर्यादा आहे. फटाका सायलेन्सर ती सहज ओलांडते. अपघात झाला तर विमा कंपनी बदलावर बोट ठेवू शकते, ते वेगळंच.

शेवटी काय झालं

मिस्त्रीनं नवं रबर टाकलं, टॅपेट सेट केले, मूळ फिल्टर, मूळ सायलेन्सर आणि १४ दातांचं सॉकेट परत बसवलं. लाइटला रिले लावला. प्लग, कॉइल, कार्बोरेटरवर गेले होते त्याच्या चौथ्या हिश्शातही हे काम झालं. आठवड्यानं प्लग काढून पाहिला, चहाचा रंग होता.

भाऊजी आता फवारणीला तोंडाला मास्क आणि हातमोजे घालून जातात. भाच्यानं मोकळा सायलेन्सर काढला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मी काही बोललो नाही. त्यानंच सांगितलं, "त्या दिवशी बाबाले रस्त्यावर आडवं केलं होतं मामाजी, तवा गाडीचा आवाज काय कामाचा होता?"

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर येत्या रविवारी प्लग काढून पाहा. एक पाना आणि दहा मिनिटं लागतात.