दोन बोटांत मावणारा रस्ता

पुढच्या वेळी सिग्नलला थांबलात, की मोटरसायकलच्या आरशात जरा निरखून पाहा. मागची रिक्षा, तिच्यामागची बस, बसच्या मागे दूरवर गेलेला रस्ता. एवढं सगळं त्या तळहाताएवढ्या काचेत कुठे असतं?

हा आरसा बहुधा बहिर्वक्र, म्हणजे किंचित फुगीर असतो. समजा, त्याचं नाभीय अंतर ६० सेंटिमीटर आहे. शाळेतलं आरशाचं सूत्र वापरलं, की थक्क करणारं उत्तर येतं. १० मीटर मागे असलेल्या ट्रकची प्रतिमा काचेच्या आत सुमारे ५६.६ सेंटिमीटरवर तयार होते आणि क्षितिजाची ६० सेंटिमीटरवर. म्हणजे १० मीटरपासून क्षितिजापर्यंतचा अख्खा रस्ता साडेतीन सेंटिमीटरांत, दोन बोटांच्या रुंदीत, घडी होऊन बसलेला असतो!

या घडीमुळेच छोट्या काचेत रुंद रस्ता दिसतो. पण तिची किंमतही आहे. डोळा आरशापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर १० मीटर मागचा ट्रक जवळपास २० मीटरवर असावा इतका लहान दिसतो. ‘अजून लांब आहे’ असं वाटून आपण वळायला जातो, आणि तो पाठीशी आलेला असतो.

मग आरसा काढून मागे कॅमेरा आणि हँडलवर त्याचा पडदा लावला तर? गाडीच्या शेपटीला बसवलेल्या कॅमेऱ्याच्या वाटेत आपली कोपरं येत नाहीत, खांदे येत नाहीत, मागे बसलेलं माणूसही येत नाही. एका सिलिंडरच्या इंजिनाच्या थरथरीने हँडलवरच्या आरशातलं चित्र पुसट होतं, तसं इथे सहसा होत नाही. मागच्या गाडीचा प्रखर दिवाही पडद्यावर सौम्य करता येतो.

पण कॅमेऱ्याला वेळ लागतो. आरशातून डोळ्यापर्यंतचे ६० सेंटिमीटर प्रकाश सेकंदाच्या पन्नास कोटीव्या भागात कापतो. कॅमेऱ्याला मात्र चित्र टिपायचं, त्यावर प्रक्रिया करायची, मग ते पडद्यावर उमटवायचं. यात सेकंदाचा दहावा भाग गेला, तर आपल्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटर जास्त वेगाने येणारी गाडी पडद्यावर दिसते त्याहून एक मीटर जवळ आलेली असते. शिवाय पावसाचा एखादा थेंब एवढ्याशा भिंगाला पुरता झाकू शकतो. आरशावर तोच थेंब पडला, तरी बाजूची काच मोकळी राहते. आरशासमोर डोकं जरा पुढे झुकवलं, की झाकलेला कोपरा उलगडतो. पडद्यासमोर कितीही झुका, चित्र तेच.

सगळ्यात नवल आपल्या डोळ्याचं. आरशातली प्रतिमा काचेच्या आत असल्यामुळे डोळ्याला ती साधारण १.२ मीटरवर भासते. हँडलवरचा पडदा मात्र ६० सेंटिमीटरवरच. दूरच्या रस्त्यावरून पडद्याकडे येताना डोळ्यातल्या स्नायूला आरशाच्या तुलनेत जवळपास दुप्पट आवळावं लागतं. विशीतल्या चालकाला ते जाणवतही नाही. चाळिशी लागलेल्याला मात्र क्षणभर धूसर दिसतं, आणि ताशी ६० च्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते.

२०२० मध्ये डुकाटीने ‘मल्टिस्ट्राडा व्ही४’ ही पुढे आणि मागे रडार असलेली मोटरसायकल आणली. मागचं रडार ब्लाइंड स्पॉटमध्ये, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, शिरलेली गाडी ओळखतं आणि तिची सूचना देणारा दिवा लागतो तो आरशाजवळच! नवं यंत्र जुन्या काचेच्या मदतीला आलं.

मला हीच दिशा योग्य वाटते. आरसा क्षणाचाही उशीर न करता दाखवतो, पण अंतर फसवतो. कॅमेरा आडोशापलीकडचं दाखवतो, पण क्षणभर जुनं. म्हणून शेजारच्या लेनमध्ये जाण्याआधी आरशात पाहा, कॅमेरा असेल तर त्यातही पाहा, आणि मग खांद्यावरून एकदा मान वळवा. त्या एका नजरेत दोन बोटांतली घडी उलगडते, आणि ट्रक जिथे खरोखर आहे तिथेच दिसतो.