पांढरा रंग कपाशीचा

जलरंगाच्या डबीत पांढरी ट्यूब असतेच, पण नदीकाठची झाडी रंगवायला निघताना ती घरीच ठेवावी. पारदर्शक जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. पाण्यावरची चमक रंगवायची नसते, राखायची असते. एकदा त्यावर कुंचला फिरला की गेली.

म्हणून आधी कागद. आणि या बाबतीत बुऱ्हाणपूर जिल्हा मोठा गमतीचा. इथल्याच नेपानगरात देशातला पहिला वृत्तपत्री कागद तयार झाला, १९५५ साली, जंगलातल्या सलईच्या लाकडापासून. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उन्हात पिवळं पडतं. जुनं वर्तमानपत्र आठवा. असा कागद पाणीही सोसत नाही. चित्रकार वापरतात तो उत्तम कागद निव्वळ कापसाचा. म्हणजे सलईचं बन रंगवायचं, तर ते कपाशीवर! इथल्याच जसोंडी गावाच्या बाजूला दिवाळीत शेतं बोंडांनी पांढरी झालेली दिसली, की मला आपले कोरे कागदच आठवतात.

कागद चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा घ्यावा. पातळ असेल तर ओला होताच फुगतो आणि खड्ड्यांत रंग साचतो.

दिवाळीनंतर तापीचा गढूळपणा निवळतो, काठच्या अर्जुनसादड्याचं फिकट गुळगुळीत खोड पाण्यात दिसू लागतं. बैठक काठावर, जरा उंच जागी मारावी. तिथून नवख्यांची हमखास चूक उमगते: वरची झाडी उलटी करून खाली उतरवली की झालं प्रतिबिंब, असं त्यांना वाटतं. पण पाणी झाडाकडे खालून पाहतं. आपल्याला न दिसणारी फांद्यांची पोटं त्याला दिसतात, आणि काठामागचं बरंच काही दिसतच नाही. शिवाय प्रतिबिंबात उजळ खोड जरा मंदावतं, गडद सावली जरा फिकटते.

हिरवा तयार ट्यूबमधून घेऊ नये, असं माझं ठाम मत. अल्ट्रामरीनमध्ये पिवळा घालावा, हिरवा भडक वाटला तर बर्न्ट सिएनाचा थेंब. करंजाचा हिरवा वेगळा, जांभळीचा वेगळा.

दूरची झाडी ओल्या कागदावर ओल्या रंगाने सोडावी, कडा आपोआप विरतात. सकाळी दहिवरात कागद सावकाश वाळतो. ऊन चढलं की तोच वॉश बघता बघता सुकतो आणि मध्येच कडक रेघ उमटते. विलायती पुस्तकांतले वेळेचे आडाखे इथे चालत नाहीत. कागदावरची ओली लकाकी मावळताना तिरक्या नजरेने पाहावी, तेच घड्याळ.

असं बाहेर बसून रंगवणं मराठी चित्रकारांना नवं नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळ्याच्या परिसरात रमले. इंदूरला १९१० साली जन्मलेले ना. श्री. बेंद्रे देवळालीकर मास्तरांकडे शिकले, आणि निसर्गचित्रांनीच त्यांचं नाव आधी झालं. निरांजन घेतलेल्या स्त्रीचं सा. ल. हळदणकरांचं प्रसिद्ध चित्रही जलरंगातलंच. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते पाहावं.

शेवटी पाण्यावरची आडवी चमक. जवळजवळ कोरडा कुंचला आडवा धरून खरखरीत कागदावरून भर्रकन ओढायचा. रंग उंचवट्यांना लागतो, खळगे कोरे राहतात. त्या खळग्यांत उरतो तो कापूस.