तबल्याचा ‘धा’ दिसतो कसा?

डग्ग्यावर ‘घे’ वाजवता वाजवता तबलजी मनगटाचा दाब वाढवतो आणि स्वर वर चढतो. कानाला हा चढ क्षणभर जाणवतो, मग विरून जातो. स्पेक्ट्रोग्रॅममध्ये, म्हणजे आवाजाच्या चित्रात, मात्र तो रेघ होऊन उमटतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर कंप्रता आणि ज्या कंप्रतेत जोर जास्त तिथे रंग ठळक. ‘घे’ची रेघ आडवी निघते आणि दाब वाढताच वर वळते.

यामागचं गणित फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचं, 1822 सालचं. कुठलाही आवाज साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो. पण अख्ख्या ध्वनिमुद्रणाची एकदमच फोड केली, तर कोणत्या कंप्रता आहेत ते कळतं, त्या केव्हा आल्या ते कळत नाही. म्हणून आवाजाचे छोटे छोटे, एकमेकांवर चढणारे तुकडे घेऊन प्रत्येकाची वेगळी फोड करायची आणि ते पट्टे शेजारी शेजारी लावायचे.

तुकडा किती मोठा घ्यायचा, हा खरा पेच आहे. सेकंदाला 44,100 नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रणात 1024 नमुन्यांचा तुकडा साधारण 23 मिलिसेकंदांचा होतो. त्यात थाप केव्हा पडली ते नेमकं दिसतं, पण 43 हर्ट्झपेक्षा जवळचे दोन स्वर एकमेकांत मिसळतात. 4096 नमुने घेतले तर स्वर सुटे होतात आणि थाप पसरट दिसते. दोन्ही एकदम मिळत नाही, कितीही महागडं यंत्र आणा. द्रुत लयीतला रेला बघायचा असेल तर तुकडा लहान घ्यावा, तबला सुरात आहे का ते बघायचं असेल तर मोठा.

या चित्रात तबल्याचं वेगळेपण लख्ख दिसतं. साध्या ताणलेल्या गोल कातड्याची मूळ कंप्रता 150 हर्ट्झ धरली, तर पुढच्या कंप्रता साधारण 239, 320, 344 अशा येतात. त्यांचा एकमेकींशी मेळ नसतो, म्हणून ढोलाचा आवाज होतो, सूर लागत नाही. तबल्यावर मधल्या काळ्या वर्तुळाचं, म्हणजे शाईचं, वजन पडतं आणि हेच स्वर 150, 300, 450, 600 यांच्या जवळ सरकतात. लोखंडाची पूड आणि खळ यांचे थर देऊन, घोटून कारागीर हा हिशेब हातांनीच जुळवतो. मला हे भारतीय वाद्यनिर्मितीतलं सर्वांत मोठं यश वाटतं.

त्याचा शास्त्रीय उलगडा केला सी. व्ही. रामन यांनी. 1910 मध्ये ते अर्थखात्याचे अधिकारी म्हणून नागपुरात होते. पुढच्याच वर्षी बढती मिळून ते कलकत्त्याला परतले. तबला-मृदंगाच्या स्वरमेळावरचं त्यांचं टिपण एस. कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं आणि सविस्तर निबंध 1934 मध्ये. कातड्यावर बारीक वाळू पसरून, ती कुठे साचते ते पाहून त्यांनी कंपनांचे आकार ओळखले. नऊ प्रकारची कंपनं मिळून पाच मेळाचे स्वर होतात, हे त्यांनी दाखवलं. आवाजाचं असं चित्र काढणारं यंत्र त्यानंतर, 1940च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झालं.

आता ‘धा’ बघा, म्हणजे उजव्या हाताचा ‘ना’ आणि डग्ग्याचा ‘घे’ एकत्र. थाप पडते त्या क्षणी खालपासून वरपर्यंत उभा पट्टा उमटतो. मग त्यातून आडव्या रेघा निघतात. वरच्या आधी विझतात, खालच्या रेंगाळतात. उजव्या हाताचा ‘ना’ एकटा वाजवला तर सर्वांत खालची रेघ जवळपास गायब असते, कारण शाईच्या काठाशी टेकलेली अनामिका मूळ कंपन दाबून टाकते. ‘तूं’ वाजवा, तीच रेघ ठळक होऊन परत येते. बंद ‘टे’ला उभा पट्टा तेवढा दिसतो, पुढे काही नाही.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि मोबाइलवर मुद्रित केलेला तबला त्याला पुरतो. 28 फेब्रुवारीला, रामन परिणामाच्या शोधाच्या दिवशी, शाळाशाळांत विज्ञान दिन साजरा होतो. रामन जिथे काही काळ राहिले त्या नागपूरच्या शाळांनी यंदा विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात एक तबला, एक वाजवणारा विद्यार्थी आणि एक लॅपटॉप जरूर ठेवावा.