विहिरीत पोहायला शिकलेली पोरं शेततळ्यात का बुडतात? गावाकडचा उन्हाळी पोहण्याचा क्लास नेमका कसा चालतो?

एप्रिल संपत आला की बीड जिल्ह्यातल्या गावांत पुन्हा वर्दळ सुरू होते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांवरून परतलेली असतात. शाळांना सुट्ट्या लागतात, पुण्या-मुंबईची भाचरं मामाच्या गावाला येतात. पारा चाळिशीच्या पुढं जातो आणि दुपारी पोरं घरात सापडत नाहीत. ती कुठं गेली हे विचारावंही लागत नाही. ज्या विहिरीला पाणी शिल्लक आहे, तिथं.

शहरात याच दिवसांत उन्हाळी जलतरण शिबिरं भरतात. तिथं फी असते, बॅच असते, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, काठावर शिट्टी घेतलेला कोच आणि जीवरक्षक असतो. गावच्या विहिरीवर यातलं काहीच नसतं. तरी तिथं पिढ्यानपिढ्या पोरं पोहायला शिकत आलीत, कारण तिथंही एक व्यवस्था होती. ती कागदावर नव्हती एवढंच.

विहिरीवर कोण शिकवतं?

बहुतेक वेळा चुलता, मामा नाहीतर थोरला भाऊ. वडील शिकवतात तेव्हा पोरगं जास्त रडतं, हा अनेक घरांचा अनुभव. पहिल्या दिवशी पाठीला काहीतरी तरंगणारं बांधतात. पूर्वी वाळलेला भोपळा किंवा घायपाताच्या वाळक्या दांड्यांचा बिंडा असायचा. आता तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा किंवा ट्यूब असते. कमरेला दोर बांधायचा, त्याचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. पोरगं पाय मारतं, गटांगळ्या खातं, नाकात पाणी जातं. दोर थोडा ओढला की डोकं वर.

मग रोज दोर थोडा सैल होत जातो. पोरगं सरळ राहायला लागलं की डबा सुटतो, दोर मात्र राहतो. शेवटी एक दिवस दोरही सुटतो आणि ते पोरगं पायऱ्यांपासून समोरच्या कपारीपर्यंत जाऊन परत येतं. तिथून पुढं मुटका, सूर आणि तळाची माती वर आणून दाखवण्याच्या पैजा सुरू.

काही ठिकाणी सरळ ढकलून देऊन शिकवायची पद्धत होती आणि तिचे किस्से मोठ्या कौतुकाने सांगितले जातात. ज्यांच्याबाबतीत ते फसलं, ते किस्से सांगायला उरले नाहीत, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

या सगळ्यात महत्त्वाचा माणूस पाण्यात नसतो. तो काठावर बसलेला असतो, हातात दोर धरून. पूर्वी विहिरीवर मोट चालायची, नंतरही कुणी ना कुणी पाण्याची पाळी द्यायला तिथं असायचंच. म्हणजे जीवरक्षक वेगळा नेमावा लागत नव्हता. आता मोटार घरबसल्या मोबाइलवरून चालू होते आणि विहीर दिवसभर एकटी असते. क्लास तोच राहिला, काठावरचा माणूस गेला.

मोटारीचा आणखी एक धोका आहे. केबलचं आवरण कुठं सोललेलं असेल तर पाण्यात करंट उतरू शकतो. म्हणून पोरं उतरण्याआधी मोटार मेन स्विचवरूनच बंद करायची आणि मालकाला तसं सांगायचं. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळे गेल्या वर्षी जिथून सूर मारला तिथून यंदा मारला तर डोकं थेट खडकावर आपटू शकतं. आधी पायऱ्यांनी उतरून खोली बघावी लागते.

शेततळं म्हणजे विहीर नाही

खरा बदल झाला तो शेततळ्यांमुळे. 2016 मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. त्यात 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल इतक्या आकारापर्यंतची शेततळी घेता येत होती. दुष्काळी मराठवाड्यात अशा शेततळ्यांवर फळबागा जगल्या, हे खरं आहे. पण पाणी जमिनीत मुरू नये म्हणून बऱ्याच शेततळ्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरतात, आणि तिथंच घोळ आहे.

विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, दगडाला बोटं अडकतात. दमलेलं पोरगं कुठंतरी धरून श्वास घेतं. शेततळ्यात धरायला काहीच नाही. चारही बाजूंनी उतरता कागद, त्यावर शेवाळ. वर चढायला पाय टाकला की माणूस पुन्हा पाण्यात. पट्टीचा पोहणाराही काठाला हात लावून, पुन्हा पुन्हा घसरून, दमून बुडू शकतो. त्याला वाचवायला उतरलेल्या दुसऱ्याचीही तीच गत होते. बातम्यांमध्ये ‘दोघे भाऊ’, ‘बाप-लेक’ असं वाचायला मिळतं, त्यामागं बऱ्याचदा हेच कारण असतं. नदीपात्रात वाळू उपशाने पडलेले खड्डेही असेच फसवे. गुडघाभर पाण्यातून चालताना एक पाऊल पुढं टाकलं की एकदम तळ लागत नाही.

शेततळ्यावर उपाय फार खर्चिक नाही. चारही बाजूंना मेखा ठोकून जाड, गाठी मारलेले दोर थेट तळापर्यंत सोडायचे. काठाला दोर बांधलेली हवा भरलेली ट्यूब ठेवायची. तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप. आणि पोहायला शेततळं वापरायचंच नाही, हा नियम घरात एकदा स्पष्ट सांगायचा. ‘पोहता येतं ना, मग जा’ हे वाक्य शेततळ्याला लागू पडत नाही.

बुडणारा ओरडत का नाही?

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा वाचवा’ ओरडतो. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडणार कुठून? हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. लांबून बघणाऱ्याला पोरगं उभ्याउभ्या खेळतंय असं वाटतं. लहान मूल अर्ध्या-एक मिनिटात पाण्याखाली जाऊ शकतं. म्हणून काठावर ‘सगळेच आहेत की’ हे पुरेसं नसतं. एका वेळी एका मोठ्या माणसाचं नाव ठरलेलं असावं, आणि त्याचा मोबाइल खिशात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली, त्यातली बहुतांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. सहा वर्षांवरच्या मुलांना पोहणं आणि सुरक्षित बचाव शिकवा, असं ही संघटना सांगते. त्याहून लहान मुलांसाठी कुंपण आणि कुणाचं तरी सतत लक्ष, हाच इलाज. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचा कठडा बांधून, त्याच्या आत मुलांना शिकवण्याचा ‘स्विमसेफ’ नावाचा उपक्रम चालला. तिथं स्पर्धा जिंकायला शिकवत नाहीत. थोडं अंतर पोहणं, जागच्या जागी तरंगून राहणं आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला वाचवणं, एवढंच शिकवतात. आपल्या विहिरीवर मुटका शिकवतात, तरंगणं क्वचितच.

आणि पोरींचं काय?

विहिरीवरच्या या क्लासात पोरी फार कमी दिसतात. गंमत अशी की धुणं धुवायला, जनावरांना पाणी पाजायला तळ्यावर, कालव्यावर आईबरोबर त्याच जातात. पाण्याशी काम त्यांचं आणि पोहणं भावाचं. ज्या घरांत आत्या किंवा मावशीला पोहता येतं, तिथं सकाळची वेळ बायकांसाठी ठेवून हे जमवता येतं. पंजाबी ड्रेसवर शिकायचं असेल तर ओढणी काठावर ठेवायची, कारण ओली ओढणी हातापायात गुंतते.

शेवटी, काठावर काय हवं? लांब दोर, रिकामा घट्ट झाकणाचा डबा, लांब बांबू. कुणी बुडताना दिसलं तर आधी हेच टाकायचं. काहीच नसेल तर साडी किंवा धोतर. स्वतः उडी मारायची नाही. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू नसेल तर एकाने 108 ला फोन लावायचा. ज्याला येतं त्याने तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध 30 वेळा जोरात दाब आणि 2 श्वास, असं मदत येईपर्यंत करत राहायचं. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.