सोलापूरच्या रब्बी गावातील हिवाळ्याचा निवांतपणा

ग्रामजीवनात वर्षाचे सर्व दिवस सारख्याच वजनाचे नसतात. काही महिने माणसाला मान वर करू देत नाहीत. काही आठवड्यांत मात्र कामाची घाई ओसरते, बैठका लांबतात आणि गाव स्वतःकडे पाहू लागते. हा निवांत काळ केव्हा यावा, हे केवळ थंडी-उन्हावर अवलंबून नसते. ते त्या समाजाच्या उपजीविकेवर अवलंबून असते. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवर डिसेंबरअखेरचा दिवस सहा तासांहूनही लहान असतो. समुद्र खवळलेला असल्यामुळे लहान होड्या बंदरातच राहतात. तेथील किनाऱ्यावरची वस्ती हिवाळ्यात शांत होते. कोकणच्या किनाऱ्यावर तीच शांतता पावसाळ्यात येते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून कोळी समाज नव्या हंगामास आरंभ करतो. या दोन्ही ठिकाणी निसर्ग काम अडवून धरतो. सोलापूरच्या कोरडवाहू गावाचा निवांत काळ हिवाळ्यातच येत असला तरी त्याचे कारण मूलतः निराळे आहे. तेथे काम अडलेले नसते. ते बहुतांशी पुरे झालेले असते.

जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ५५० मिलिमीटरच्या आसपास असून सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना होय. त्यामुळे परंपरेने येथील मुख्य हंगाम रब्बीचा आणि मुख्य पीक ज्वारीचे. खोल काळी जमीन परतीच्या पावसाचे पाणी धरून ठेवते आणि पुढे पाऊस पडला नाही तरी त्या साठलेल्या ओलीवर पीक वाढते. मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात याच परिस्थितीतून पुढे आली. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते. त्यानंतर सुमारे तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपण्या होतात. तिसऱ्या कोळपणीचा हेतू तण काढणे एवढाच नसतो. जमिनीच्या भेगा बुजवून ओल उडून जाऊ न देणे हाही असतो. ही कोळपणी आटोपली की शेतकऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. पीक तयार होण्यास पेरणीपासून सुमारे १२० दिवस लागतात. डिसेंबरपासून काढणीपर्यंतचा काळ म्हणूनच राखणीचा असतो. माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकावयाची आणि कणीस भरण्याची वाट पाहावयाची, एवढेच काम उरते.

या भागातील सण आणि यात्रा नेमक्या याच पोकळीत बसलेल्या आहेत. मार्गशीर्ष अमावास्येला साजरी होणारी वेळ अमावास्या सोलापूर, धाराशिव व लातूर या जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडील कर्नाटकातही पाळली जाते. त्या दिवशी कुटुंब शेतात जाते. कडब्याच्या खोपीत पूजा होते. आंबील व भज्जी यांचे जेवण आप्तेष्टांना आग्रहाने वाढले जाते. पुढे दाणे दुधात आले की हुरड्याचे दिवस येतात. जानेवारीत मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी आणि गड्ड्याच्या बाजारासाठी खेड्यापाड्यांतून माणसे येतात. यानंतर काही दिवसांतच ज्वारी उपटणे, कणसे मोडणे व खळे करणे यांची धांदल सुरू होते. मार्सेल मोस याने १९०४-०५ मध्ये एस्किमो समाजाविषयी लिहिताना असे दाखविले की, ऋतूंबरोबर समाजाची घडणच बदलते: उन्हाळ्यात विखुरलेला समाज हिवाळ्यात एकत्र येतो. सोलापूरच्या हिवाळ्याला हे निरीक्षण बर्फाशिवायही लागू पडते.

तथापि हा निवांतपणा सर्वांचा सारखा नव्हता, हे विसरता कामा नये. ज्याच्या शेतात ज्वारी उभी आहे, त्याला कामाचा अभाव म्हणजे विसावा. ज्याला रोजच्या मजुरीवर चूल पेटवावयाची आहे, त्याला तोच अभाव म्हणजे बेकारी. स्त्रियांचे दळण, पाणी व सरपण यांना तर ऋतूच नव्हता. पाऊस चुकला की मालकाचा विसावाही बेकारीतच जमा होई. १९७२ च्या दुष्काळाने हे राज्यभर दाखवून दिले. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यामागे तो अनुभव होता. निवांतपणा आणि रिकामपण बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतील भेद धान्याच्या शाश्वतीचा आहे.

आज हा ऋतुक्रमच पालटत आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर कालव्यांखालील व नदीकाठच्या गावांत ऊस पसरला आणि हा जिल्हा राज्यातील सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांपैकी एक झाला. उसाचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे चालते, म्हणजे ज्वारीचा जो विसाव्याचा काळ तोच उसाचा धांदलीचा काळ. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या शिवारात उभ्या राहतात आणि उसाच्या गाड्या रात्रभर रस्त्याने धावतात. मजुराला हिवाळ्यात काम मिळाले आणि बागाईतदाराच्या हाती पैसा आला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या मोकळ्या आठवड्यांवर गावाचे परस्परसंबंध पोसले जात होते, ते आठवडे आता सर्वांना एकाच वेळी मिळत नाहीत. एकेकाळी बांधावर बोलावून खाऊ घातलेला हुरडा काही ठिकाणी पैसे देऊन खाण्याची वस्तू झाला आहे.

म्हणून पीकपद्धतीतील बदल मोजताना क्षेत्र, उत्पादन व भाव एवढ्यांचाच हिशेब पुरेसा ठरत नाही. पीक बदलले की गावाचे पंचांगही बदलते. कोरडवाहू गावात ज्वारीने धान्य आणि कडबा यांबरोबर आणखी एक गोष्ट दिली होती: साऱ्या गावाला एकाच वेळी लाभणारी सवड. तिचा लाभ सर्वांना सारखा नव्हता, हे खरे. पण ती कोणत्याही उताऱ्यावर नोंदलेली नसल्यामुळे तिची घटही कोठे नोंदली जात नाही. ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकाने हे न नोंदलेले पीकही आपल्या हिशेबात धरणे अगत्याचे आहे.