ढिगाऱ्यात शिरणारा यंत्रमानव

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर गावही त्यात उद्ध्वस्त झाले. या भूकंपात हजारो माणसे घरांच्या ढिगाऱ्याखाली सापडून दगावली. अशा ढिगाऱ्यात शिरून जिवंत माणूस शोधणारा यंत्रमानव बनवता येईल का? यंत्रमानवाची रचना कशी करतात, हे शिकायला हा प्रश्न फार चांगला आहे.

यंत्रमानवाचा सांगाडा व मोटारी हे यंत्र अभियांत्रिकीचे काम. संवेदक आणि मंडले इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची, तर निर्णय घेणारी आज्ञावली संगणकवाल्यांची. म्हणून महाविद्यालयांत तिन्ही शाखांचे विद्यार्थी गट करून काम करतात. २००२ पासून आशिया-पॅसिफिक देशांतील विद्यार्थ्यांसाठी 'रोबोकॉन' स्पर्धा होते. २००८ मध्ये ती पुण्यात झाली, तेव्हा विषय होता आपल्या गोविंदांची दहीहंडी!

आता थोडे गणित करू. ५ किलोचे यंत्र ३० अंशांच्या चढावर चढवायचे आहे. घर्षण सोडले, तर लागणारे बल ५ × ९.८ × ०.५ = २४.५ न्यूटन. चाकाची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल, तर सर्व मोटारींनी मिळून सुमारे १.२ न्यूटन-मीटर आघूर्ण द्यायला हवे. १० सेंटिमीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला सव्वा किलो वजन टांगले, तर एवढाच पीळ पडतो. प्रत्यक्षात घर्षणासाठी याहून मोठी मोटर निवडावी लागते.

स्पर्धेत मैदानाची मापे आधी कळतात. ढिगाऱ्याची कळत नाहीत. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा पट्ट्यांवर चालणारे छोटे यंत्रमानव तेथील पोकळ्यांत उतरवले गेले. काँक्रीट आणि पोलाद कोसळल्यावर अशा पोकळ्या राहू शकतात.

सास्तूरच्या परिसरातील जुनी घरे वेगळी होती. भिंती दगड-मातीच्या व जाड, वर मातीचे जड माळवद. समजा, खोली ४ मीटर × ३ मीटर आहे आणि माळवदाची माती अर्धा मीटर जाड आहे. म्हणजे ६ घनमीटर माती. घनमीटरला दीड टन धरला, तरी ९ टन! घर पडले की हीच माती दगडांमधल्या फटी बुजवते. यंत्र शिरणार कोठून? माती आवाज आणि रेडिओलहरी दोन्ही क्षीण करते. येथे चाकांच्या गाडीपेक्षा, टोकाला सूक्ष्मश्रवणी बसवलेली आणि तारेने जोडलेली बारीक नळी अधिक उपयोगी पडेल. त्याहूनही उपयोगी म्हणजे भिंती आधीच बांधून घट्ट करणे आणि माळवद हलके करणे. यंत्रमानव नको, हेही कधीकधी रचनेचे योग्य उत्तर असते.

वर्गात हे करून पाहा. एका बादलीत नुसते दगड भरा, दुसरीत दगड आणि कोरडी बारीक माती. पहिलीत काठोकाठ पाणी ओता व मोजा, तेवढी पोकळी. दुसरीत एक पेन्सिल तरी आत जाते का, पाहा. मगच मुलांना यंत्राचे चित्र काढायला सांगा.