कोयत्याचे पाणी

हत्याराचे ‘पाणी’ हा शब्द वर्गात आला की, तेज किंवा कस असा प्रतिशब्द सांगून आपण पुढे जातो. हे पाणी कोठून येते व ते कसे चढते, हे मात्र लोहाराच्या भात्यापाशी उभे राहिल्यावाचून नीटसे उलगडत नाही. त्यासाठी मोठा कोयता कसा घडतो ते पाहावे.

कोयत्याचे पोलाद आज पुष्कळदा मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यांतून मिळते. त्यात कर्ब सुमारे ०.६ टक्के असतो. साध्या लोखंडात तो अत्यल्प. म्हणून ते कितीही तापवून बुडविले तरी पाणी धरीत नाही.

पोलाद भट्टीत केशरी-पिवळे झाले की ऐरणीवर येते. एकजण सांडशीने ते धरून लहान हातोड्याने जागा दाखवितो व दुसरा तेथे घण घालतो. घिसाडी कुटुंबांत हा घण पुष्कळदा स्त्रीच्या हाती असतो. लाली उतरताच घाव थांबवावे लागतात, नाहीतर पात्यास चीर जाते. प्रश्न ऐरणीवर येतो असे आपण म्हणतो, त्यातील निकड हीच आहे. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि पाते पाठीकडे वाकू लागते. म्हणून जाणता लोहार आरंभीच त्यास धारेकडे अधिक बाक देऊन ठेवतो.

खरी कसोटी पाणी देताना लागते. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला पाते लालबुंद होते. त्याआधीच, ७७० अंशांच्या सुमारास, लोहचुंबकाचे आकर्षण सुटलेले असते. रंग अचूक दिसावा म्हणून हे काम सावलीत करतात. केवळ धारेची कड पाण्यात बुडविली म्हणजे कर्ब आतल्या आत कोंडला जाऊन ती अतिशय कठीण होते. परंतु तितकीच ठिसूळही. म्हणून पाते बाहेर काढून कड दगडावर घासून उजळ करतात. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकू लागते आणि त्या उजळ पट्टीवर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा व निळा असे रंग उमटतात. पिवळा सुमारे २२० अंशांचा, निळा ३०० च्या आसपासचा. तपकिरी छटा धारेस पोहोचताच पाते पुन्हा बुडवावयाचे. पाणी चढविणे म्हणजे मिळविलेल्या काठिण्यातील थोडे जाणून परत देणे होय.

यानंतर शहरी कारखानदार पाते चकचकीत करील. गावचा लोहार कानस केवळ धारेवर चालवितो. बाकी अंगावर घणाचे व्रण आणि तापलेल्या लोखंडाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन धरलेली काळी खपली तशीच राहते. सुटी खपली ठोकताना झडते; जी घट्ट बसते ती तेलाचा हात फिरत राहिल्यास गंजास काही अंशी अडविते. हा ओबडधोबडपणा आळसाचा नव्हे. जेथे काम व्हावयाचे तेथेच श्रम खर्च करावे, असा त्यातील हिशेब आहे.

हा हिशेब ज्याच्या हातात कोयता जातो त्याच्याही जिव्हाळ्याचा आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि टोळी मोजली जाते तीही कोयत्यांनी. दोन माणसांचे नाव एका हत्यारात मावते, हा भाषेचा संक्षेप फार बोलका आहे. मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर असते. तेव्हा अतिकठीण पात्याची धार तुटली किंवा मऊ पात्याची दुमडली, तर त्या दिवसाचा तोटा त्या दोघांचा असतो. लोहाराने धारेवर हेरलेली ती तपकिरी छटा अखेर त्यांच्या पदरी पडते.

‘पाणी’ शब्द शिकविताना तेज सांगावेच. पण ते टिकते कशाने, हेही सांगावे. नुसते कठीण पाते पहिल्याच गाठीवर तुटते.